एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला

शाळेची सहल अलिबागला नेली, की मुलांना दाखवायच्या ठिकाणांची यादी ठरलेली असते. ओहोटी असेल तर चालत किंवा घोडागाडीतून कुलाबा किल्ला, मग कान्होजी आंग्र्यांची समाधी, किनाऱ्यावरची वाळू, आणि वेळ उरलाच तर नागाव किंवा चौल. याच गावात जगातल्या फार जुन्या नोंदमालिकांपैकी एक चालू ठेवणारी भूचुंबकीय वेधशाळा आहे, हे सहलीच्या कार्यक्रमात सहसा नसते. त्यात कुणाचा दोष नाही. पाहण्यासारखे तिथे फारसे काही नाही. झाडीतल्या बैठ्या इमारती, आत अंधार आणि हलकेच हलणारा एक चुंबक. पण पृथ्वीपासून हजारो किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहांची बातमी ज्या काही ठिकाणी शंभराहून अधिक वर्षे रोज टिपली जाते, त्यांतले हे एक ठिकाण आहे. ही वेधशाळा अलिबागला का आली, आणि तिच्या जुन्या वह्यांवरून जगभरातले शास्त्रज्ञ आजही वाद का घालत आहेत, याची हकीकत आम्ही इथे सांगणार आहोत.

दोन कुलाबे

हकीकतीची सुरुवात मुंबईच्या कुलाब्याला होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तिथे वेधशाळा उभारली. हेतू व्यवहाराचा होता. बंदरात येणाऱ्या जहाजांना बिनचूक वेळ कळावी आणि खगोलीय वेध घेता यावेत. १८४१ पासून तिथे हवामानाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. त्या काळी गाउस आणि वेबर यांच्या प्रेरणेने जगभर भूचुंबकीय निरीक्षणांचे जाळे विणले जात होते आणि ब्रिटिश साम्राज्यातली ठाणी त्यात सामील होत होती. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे कुलाब्याची सूत्रे होती. काही काळ हे काम बाळशास्त्री जांभेकरांनीही सांभाळले. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. चुंबकसुईच्या नोंदींशीही त्यांचा असा संबंध आला होता, हे मराठीच्या शिक्षकांनीही मुलांना जरूर सांगावे.

याच वेधशाळेत एक पोरसवदा साहाय्यक कामाला लागला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे केरूनाना छत्रे म्हणून ते विख्यात गणिती झाले आणि लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणूनही त्यांचे नाव राहिले. त्यांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळच्या नागावचा. अष्टागरातला हा मुलगा खाडी ओलांडून मुंबईच्या कुलाब्याला गेला आणि सुमारे दहा वर्षे तिथल्या नोंदींत रमला. पुढे साठेक वर्षांनी ती वेधशाळाच उलटा प्रवास करून त्याच्या किनाऱ्यावर आली.

नावाचा थोडा गोंधळ इथे दूर केलेला बरा. अलिबागसमोरच्या किल्ल्याचे नाव कुलाबा, आणि त्यावरून जिल्ह्याचे नावही कुलाबा असे होते. १९८१ साली ते बदलून रायगड झाले. म्हणजे वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून निघून कुलाबा जिल्ह्यातच आली. जुने कागद वाचताना कुठला कुलाबा हे पाहून घ्यावे लागते.

सुई काय मोजते?

होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण ती फक्त दिशा सांगते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आज किती जोरदार आहे हे ती सांगत नाही. क्षेत्र थोडे दुबळे झाले तरी सुई उत्तरेकडेच तोंड करून राहील. मग जोर मोजायचा कसा?

एकोणिसाव्या शतकात यासाठी काढलेली युक्ती सुंदर आहे आणि वर्गात फळ्यावर समजावता येते. चुंबक एका धाग्याऐवजी दोन समांतर धाग्यांनी टांगायचा. मग धाग्यांची वरची टोके फिरवत न्यायची. धागे पिळले की चुंबकालाही ओढतात, आणि तो उत्तर-दक्षिण सोडून पूर्व-पश्चिम होईपर्यंत आपण पीळ वाढवत जातो. आता रस्सीखेच बरोबरीत आहे. धाग्यांचा पीळ चुंबकाला एका बाजूला ओढतो, आणि पृथ्वीचे क्षेत्र त्याला पुन्हा उत्तरेकडे ओढू पाहते. क्षेत्र किंचित जरी कमी झाले तरी धाग्यांची सरशी होते आणि चुंबक थोडा वळतो. हे वळणे दुर्बिणीतून एका पट्टीवर वाचायचे. अशा रीतीने क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक, म्हणजे जमिनीला समांतर असलेला भाग, क्षणोक्षणी मोजता येतो.

अलिबाग-मुंबई भागात हा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला असतो. (जुन्या पुस्तकांत ‘गॅमा’ हे एकक आढळेल. एक गॅमा म्हणजेच एक नॅनोटेस्ला.) शांत दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तो काही दशक नॅनोटेस्लांनी वाढतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा खाली येतो. म्हणजे हजारात एखादा भाग इकडेतिकडे. हा रोजचा चढउतार पृथ्वीच्या पोटातून येत नाही. शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर, आयनांबरात, सूर्यप्रकाशाने विद्युत्‌भारित झालेली हवा वाऱ्यांबरोबर वाहते आणि तिच्यात वीजप्रवाह निर्माण होतात. त्या प्रवाहांची ही सावली आहे. ऑर्स्टेडचा प्रयोग आपण तारेजवळ होकायंत्र धरून दाखवतो. निसर्ग तोच प्रयोग रोज करतो. फरक एवढाच, की तार आकाशात आहे आणि होकायंत्र अलिबागला.

२ सप्टेंबर १८५९

१ सप्टेंबर १८५९ रोजी ग्रिनिचच्या वेळेनुसार ११ वाजून १८ मिनिटांनी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होते. अचानक डागांच्या गटावर त्यांना दोन डोळे दिपवणारे ठिपके दिसले, आणि काही मिनिटांत ते विझलेही. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तेच पाहिले. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकी वादळ येऊन आदळले.

इथे मुलांना एक गणित देता येईल. सूर्य-पृथ्वी अंतर १५ कोटी किलोमीटर. ते सतरा तास छत्तीस मिनिटांत, म्हणजे सुमारे ६३,००० सेकंदांत कापले, तर सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ २,४०० किलोमीटर येतो. सूर्यावरून निसटलेला विद्युत्‌भारित वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा, एक प्रचंड लोट इतक्या वेगाने येऊन पृथ्वीवर धडकला होता.

त्या दिवशी युरोप-अमेरिकेत तारायंत्रांच्या ओळी बिघडल्या आणि ध्रुवीय प्रकाश उष्ण कटिबंधाच्या दिशेने खूप खाली दिसला. ग्रिनिच आणि क्यू येथील वेधशाळांत छायाचित्रण कागदावर नोंद करणारी यंत्रे होती. पण वादळ इतके मोठे होते की प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर गेला आणि ऐन मोक्याची नोंद हरवली. कुलाब्याला अजून असे यंत्र नव्हते. तिथे माणसे दुर्बिणीला डोळा लावून पट्टी वाचत. एरवी तासाला एक नोंद, आणि चुंबक अस्वस्थ झाला की दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी नोंद, असा रिवाज होता. जुनी, कष्टाची पद्धत इथे कामाला आली. २ सप्टेंबरच्या सकाळी क्षितिजसमांतर घटक कोसळू लागला तसे वाचक वाचत राहिले. दुपार व्हायच्या आत घट सुमारे १,६०० नॅनोटेस्लापर्यंत गेली. रोजच्या चढउताराच्या तीसपट-चाळीसपट! आणि मग तितक्याच घाईने सुई वर येऊ लागली.

हे आकडे वह्यांत पडून होते असे म्हणता येणार नाही. वेधशाळेच्या वार्षिक खंडांत ते छापले गेले होते. पण त्यांचे मोल जगाला खऱ्या अर्थाने कळले ते २००३ साली. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील जी. एस. लखिना आणि एस. अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याची नोंद पुन्हा तपासली आणि १८५९ चे वादळ हे नोंद झालेल्या वादळांतले सर्वांत तीव्र होते असे मांडले. विषुववृत्ताजवळच्या एका वेधशाळेची ही नोंद त्या निष्कर्षाचा कणा होती.

१८५९ हे एकटे उदाहरण नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात कुलाब्याच्या सुईने ८०० नॅनोटेस्लाहून मोठी घट दाखवली, आणि त्या वेळी मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची वार्ताही नोंदलेली आहे.

ट्राम आली

१८५९ सालीच नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. पुण्यात अभियांत्रिकी आणि मग एडिंबरो येथे विज्ञान शिकून आलेले मूस १८९६ साली कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहिला. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. आता त्या विजेवर चालवण्याचे घाटत होते.

शहराला ट्राम हवी आणि सुईला शांतता हवी, हा संघर्ष किती खरा होता हे आकड्यांत पाहू. लांब सरळ तारेतून I अँपिअर प्रवाह जात असेल तर r मीटर अंतरावर चुंबकीय क्षेत्र २ × १०⁻⁷ × I ÷ r टेस्ला असते. प्रवाह १०० अँपिअर आणि अंतर १०० मीटर घेतले तर उत्तर येते २०० नॅनोटेस्ला. म्हणजे रोजच्या नैसर्गिक चढउताराच्या कितीतरी पट. वरच्या तारेतून गेलेला सगळा प्रवाह खालच्या रुळांतून परत आला असता, तर दोघांची क्षेत्रे बरीचशी एकमेकांना मारून टाकती. पण ट्रामच्या रुळांतला प्रवाह जमिनीत झिरपतो आणि वाट फुटेल तिकडे पसरतो, त्यामुळे हिशेब पूर्ण मिटत नाही. प्रत्येक ट्राम सुटताना आणि थांबताना सुई नाचली असती. साठ वर्षांची नोंदमालिका तिथेच संपली असती.

मूस यांनी नवी जागा शोधली ती मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रापलीकडे, सुमारे तीस किलोमीटरवर. ती अलिबागला होती. इमारतीचा दगडही पाहून घ्यावा लागला. आपल्या कोकणचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, स्वतःच थोडा चुंबकी असतो. शाळेत चांगला चुंबक असेल तर त्याच्याशी काळ्या दगडाचा बारीक चुरा नेऊन पाहा, काही कण चिकटतील. म्हणून अलिबागच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड तपासून आणला गेला, आणि खिळे, बिजागऱ्या, कड्या लोखंडाऐवजी पितळ-तांब्यासारख्या धातूंच्या वापरल्या. आजही अशा खोलीत जाताना खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवाव्या लागतात.

आता मूस यांचा खरा मोठेपणा पाहा. अलिबागला १९०४ साली नोंदी सुरू झाल्या. त्यांनी कुलाब्याचे यंत्र लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांच्या आकड्यांत कायमचा फरक किती, चढउतार कितपत सारखे, हे त्यातून कळले आणि नवी मालिका जुनीला जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली, तोवर सगळे काम आटोपले होते. घर बदलताना नव्या घरी दिवा लागल्याशिवाय जुन्या घरचा दिवा मालवायचा नाही, असे हे धोरण. एखादे उपकरण, परीक्षापद्धत किंवा अभ्यासक्रम बदलताना आपण हे किती वेळा पाळतो?

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी दोन भागांत प्रसिद्ध केल्या. एका भागात आकडे आणि दुसऱ्यात त्यांची चर्चा. चुंबकी वादळांचा अभ्यास करताना त्यांनी एक साधी पण दूरवर पोचणारी गोष्ट केली. प्रत्येक वादळ घड्याळाच्या वेळेनुसार न मांडता, वादळ सुरू झाले तो क्षण शून्य धरून मांडले आणि मग अनेक वादळांची सरासरी काढली. एकेका वादळातली आडवीतिडवी गडबड सरासरीत विरते आणि वादळाचा स्वभाव उरतो. आधी क्षेत्रात छोटी वाढ, मग मोठी घट, आणि मग दिवसचे दिवस चालणारी हळूहळू भरपाई. पुढे सिडनी चॅपमन यांनी हीच वाट रुंद केली.

बर्कलंडची तार

मूस अलिबागची तयारी करत होते त्याच सुमारास नॉर्वेचे क्रिस्तियान बर्कलंड उत्तर ध्रुवाजवळ बर्फात चुंबकमापके मांडून बसले होते. १९०२-०३ च्या मोहिमेत त्यांनी नॉर्वे, आइसलंड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेम्ल्या अशा चार ठिकाणी ठाणी उभारली. ध्रुवीय प्रकाश उजळला की जमिनीवरच्या सुया अशा वळत, जणू डोक्यावरून आडवी वीजवाहक तार गेली आहे. ही तार सुरू कुठे होते आणि संपते कुठे? बर्कलंड यांचे उत्तर धाडसी होते. प्रवाह अंतराळातून पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या बाजूने खाली येतो, वातावरणाच्या वरच्या थरात आडवा वाहतो आणि दुसऱ्या बलरेषांवरून पुन्हा वर जातो.

हे का घडू शकते? विद्युत्‌भारित कण बलरेषेला काटकोनात जाऊ लागला तर चुंबकीय क्षेत्र त्याला गोल फिरवते. तो जागच्या जागी गिरक्या घेतो. बलरेषेच्या दिशेने मात्र त्याला अडवणारे काही नसते. म्हणून विरळ प्लाझ्मात बलरेषा म्हणजे जणू उत्तम विजेच्या तारा. खाली आयनांबरात मात्र हवा दाट होते. तिथे कणांच्या टकरा होतात आणि प्रवाह बलरेषा ओलांडून आडवा जाऊ शकतो. वर चुंबकांबर हे जनित्र, मध्ये बलरेषांच्या तारा आणि खाली आयनांबर हा रोध. असे हे विद्युत्‌मंडल. त्याला ऊर्जा पुरवतो तो सूर्याकडून अखंड वाहत येणारा सौरवात.

चॅपमन यांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते जमिनीवरच्या नोंदी समजावायला आयनांबरातले आडवे प्रवाह पुरेसे होते. त्यांचे गणित चूक नव्हते, ही या वादातली खरी गंमत. वरिष्ठ विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे. एक मोठा, सर्वत्र सारखा वाहक पत्रा जमिनीला समांतर धरा. वरून एक उभी तार येऊन त्याच्या मध्यात प्रवाह सोडते आणि प्रवाह सर्व बाजूंना सारखा पसरतो. आता पत्र्याच्या खाली, तारेच्या रेषेभोवती एक वर्तुळ कल्पा. त्या वर्तुळातून प्रवाह जातच नाही. सममितीमुळे वर्तुळावर सगळीकडे क्षेत्र सारखेच असले पाहिजे, आणि अँपिअरच्या नियमानुसार त्याची बेरीज शून्य. म्हणजे खाली उभ्या माणसाला त्या तारेचा पत्ताच लागणार नाही! जपानच्या नाओशी फुकुशिमा यांनी हा विचार पूर्णत्वाला नेला. थोडक्यात, केवळ जमिनीवर बसून हा वाद मिटणार नव्हता.

बर्कलंड १९१७ साली टोकियोत वारले. १९३९ मध्ये हान्नेस आल्फवेन यांनी त्यांची बाजू पुढे नेली, पण निकाल लागला तो उपग्रहांनी. १९६६ साली आल्फ्रेड झमुडा आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,१०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या एका उपग्रहाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना क्षेत्र प्रत्येक वेळी आडवे हलत होते. पुढच्याच वर्षी कमिंग्ज आणि डेसलर यांनी हे बलरेषानुवर्ती प्रवाहांचे लक्षण असल्याचे दाखवले. १९७६ साली इजिमा आणि पोटेम्रा यांनी त्यांचा नकाशा काढला. ध्रुवाभोवती दोन कडी आहेत. आतल्या कड्यात पहाटेच्या बाजूने प्रवाह खाली येतो आणि संध्याकाळच्या बाजूने वर जातो. बाहेरच्या कड्यात नेमके उलट. एकूण प्रवाह दहा लाख अँपिअर किंवा त्याहूनही अधिक. आज त्यांना बर्कलंड प्रवाह म्हणतात.

१,६०० नॅनोटेस्ला कुणाचे?

आता पुन्हा कुलाब्याकडे. २ सप्टेंबर १८५९ ची ती खोल खाच कोणत्या प्रवाहाने पाडली? रूढ उत्तर असे: वादळात पृथ्वीभोवती काही पृथ्वीत्रिज्यांच्या अंतरावर भारित कणांचा एक वलयप्रवाह वाहतो. तो पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, म्हणून विषुववृत्ताजवळ पृथ्वीचे क्षेत्र कमी करतो. वादळातली मोठी घट प्रामुख्याने त्याचीच.

पण वलयप्रवाह तयार व्हायला आणि विरायला वेळ लागतो. मूस यांच्या सरासरी वादळात भरपाई दिवसचे दिवस चालते. कुलाब्याची खाच मात्र अरुंद आहे. तासाची सरासरी घेतली तर १,६०० चे जवळपास निम्मेच उरतात. आणखी एक गोष्ट. त्या वेळी मुंबईत दुपार होत आली होती, म्हणजे कुलाबा सूर्यासमोर होते. २००३ च्या ऑक्टोबरअखेरच्या वादळात हंगेरीतल्या तिहानी वेधशाळेने अशीच अरुंद, खोल खाच नोंदवली, आणि ती बलरेषानुवर्ती प्रवाहांमुळे पडल्याचे २०१५ साली एका गटाने मांडले. २०२२ मध्ये शिनिची ओहतानी यांनी कुलाब्याच्या खाचेबद्दलही हाच तर्क केला. वादळाच्या शिगेला बर्कलंड प्रवाह नेहमीच्या ध्रुवीय पट्ट्यातून विषुववृत्ताकडे खूप खाली सरकले असतील आणि सूर्याकडच्या बाजूला त्यांचा परिणाम कुलाब्यापर्यंत पोचला असेल. फुकुशिमा यांचे ‘दिसणार नाही’ हे उत्तर सारख्या पत्र्याचे आहे. खरे आयनांबर दिवसा-रात्री सारखे नसते आणि बलरेषाही सरळ उभ्या नसतात, त्यामुळे बर्कलंड प्रवाह खाली उमटू शकतात. ढोबळ अंदाज आपणही करू. १०० किलोमीटर दूर दहा लाख अँपिअरची सरळ तार कल्पिली, तर वरच्याच सूत्राने २,००० नॅनोटेस्ला येतात. म्हणजे कल्पना अशक्य कोटीतली नाही.

त्याच वर्षी हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या छापील खंडांतून क्षेत्राच्या तिन्ही घटकांच्या नोंदी पुन्हा उभ्या केल्या. वाद अजून चालू आहे, आणि तो केवळ विद्वानांचा नाही. वलयप्रवाहाचे वादळ साऱ्या पृथ्वीवर जवळजवळ सारखे जाणवते. बर्कलंड प्रवाहांचा तडाखा एखाद्या भागात केंद्रित असतो, पण तिथे बदल फार वेगाने होतो. बदलते चुंबकीय क्षेत्र लांब तारांत वीज उत्पन्न करते, हा फॅरडेचा नियम. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेकची वीज अशाच वादळाने गेली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. वीजवाहिन्यांचे जाळे किती मोठ्या तडाख्यासाठी बांधायचे, हे ठरवताना अभियंते ज्या टोकाच्या घटनेकडे बोट दाखवतात, तिचा मोठा आधार दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या कुलाब्याच्या वाचकांचे आकडे आहेत.

अलिबागचे आजचे काम

१९७१ साली कुलाबा-अलिबागच्या या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. अलिबागच्या नोंदी थांबलेल्या नाहीत. वादळाची तीव्रता मिनिटामिनिटाला सांगणारा एक जागतिक निर्देशांक जपानमध्ये काढला जातो. त्यासाठी ज्या वेधशाळांच्या नोंदी वापरतात त्यांत अलिबाग आहे.

दुसरे काम वजाबाकीचे. चुंबकीय विषुववृत्तावर, आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळ, दिवसा आयनांबरात पूर्वेकडे वाहणारा अरुंद विद्युत्‌झोत असतो. तामिळनाडूतील तिरुनेलवेली त्याच्या खाली येते, अलिबाग त्याच्या बाहेर राहते. जगभर सारखे असणारे परिणाम दोन्हीकडे उमटतात. तिरुनेलवेलीच्या नोंदीतून अलिबागची नोंद वजा केली, की विद्युत्‌झोताचा जोर उरतो. झोताबाहेर असणे हाच इथे अलिबागचा गुण.

१०-११ मे २०२४ च्या वादळात जागतिक घट सुमारे ४०० नॅनोटेस्ला झाली आणि लडाखच्या हानले येथून लाल ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेतली गेली. १८५९ ची कुलाब्यातली घट याच्या चौपट होती.

वर्गात करण्याजोगे

एक लहान पट्टीचुंबक घ्या, त्यावर आरशाचा छोटा तुकडा चिकटवा आणि रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत रेशमाच्या धाग्याने टांगा. वारा लागू नये म्हणून बरणी बंद करा. आरशावर प्रकाशाचा बारीक झोत टाका आणि परावर्तित ठिपका पाच मीटर दूरच्या भिंतीवर पाहा. पूर्व-पश्चिम दिशेने १०० नॅनोटेस्लांचा बदल झाला तर चुंबक १०० भागिले ३८,००० रेडियन वळेल. परावर्तनात कोन दुप्पट होतो, म्हणून ठिपका भिंतीवर सुमारे अडीच सेंटिमीटर सरकेल. आठवडाभर मुलांना पाळीपाळीने दर अर्ध्या तासाला त्याची जागा लिहायला लावा.

आम्ही आधीच सांगून ठेवतो, की मुलांना बहुधा आकाशातला प्रवाह दिसणार नाही. दिसेल ती फाटकातून आत आलेली मोटार, जवळ ठेवलेली सायकल आणि कुणाच्या तरी खिशातला मोबाईल. मुले निराश होतील. तेव्हा त्यांना विचारावे, की आता काय करायचे? कुणी म्हणेल, सायकली दूर ठेवू. कुणी म्हणेल, बरणी दुसऱ्या खोलीत नेऊ. आणि एखादी मुलगी जर म्हणाली, ‘बाई, नेण्याआधी दोन बरण्या करून दोन्हीकडे काही दिवस नोंदी घेऊ या,’ तर तिला मूस यांची हकीकत सांगावी. पुढच्या सहलीत अलिबागची ती झाडीतली बैठी इमारत तिला निदान बाहेरून तरी दाखवावी.